घाटमाथ्यावरच्या पवनचक्क्या बदलण्याची वेळ आली आहे. गडांवरून काय दिसावे, हे कोण ठरवणार?

पश्चिमवारा

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात ठोसेघर-चाळकेवाडीपासून वनकुसवडे आणि सडावाघापूरपर्यंतच्या पठारांवर उभ्या असलेल्या पवनचक्क्यांपैकी बऱ्याच आता जुन्या झाल्या आहेत. त्यांची उभारणी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली आणि पुढची काही वर्षे वेगाने चालली. अशा यंत्राचे आयुष्य साधारण २० ते २५ वर्षे धरतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या पवन प्रकल्पांचे रीपॉवरिंग, म्हणजे जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवणे, आणि आयुष्यवाढ यांसाठी धोरण जाहीर केले. तेव्हा आज ना उद्या जुनी यंत्रे उतरवून त्यांच्या जागी संख्येने थोडी, पण कितीतरी उंच यंत्रे बसवण्याचा विषय आपल्याकडेही निघणारच.

माझा पवनऊर्जेला विरोध नाही. कोळशावरचे अवलंबन कमी व्हायलाच हवे आणि त्यासाठी वारा हवा आहे. मात्र ही पठारे ओसाड नाहीत. एका बाजूला समर्थ रामदासांची समाधी असलेला सज्जनगड आहे, दुसऱ्या बाजूला पाटणजवळचा दातेगड आहे, ज्याच्या माथ्यावर खडकात खोदलेली तलवारीच्या आकाराची विहीर आहे. खाली चाफळचे राममंदिर आहे आणि पश्चिमेला कोयनेचे जंगल. मधल्या भागात देवराया, वीरगळ, धनगरवाडे आणि कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा आहेत. पहिल्या खेपेला यंत्रे उभी राहिली तेव्हा गडावरून ती कशी दिसतील हा प्रश्न कोणी विचारला नाही. आता दुसरी खेप येते आहे आणि प्रश्न आधी विचारण्याची संधी आपल्याला मिळते आहे.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या निवडीत साल्हेर-राजगडासारखे डोंगरी किल्ले, प्रतापगडासारखा जंगलातला, पन्हाळ्यासारखा पठारी, विजयदुर्गासारखा किनाऱ्यावरचा आणि खांदेरीसारखा बेटावरचा असे प्रकार मुद्दाम घेतले आहेत. गडाचे मोल त्याच्या तटाबुरुजांइतकेच भोवतालच्या मुलखात आहे, असे आपण जगापुढे मांडले आणि जगाने ते मान्य केले. मग तोच न्याय यादीत नसलेल्या सज्जनगडाला आणि दातेगडाला का लावू नये?

रीपॉवरिंगच्या परवानग्या देण्यापूर्वी घाटमाथ्यावरील दृष्टिरेषांचा, म्हणजे कोठून काय दिसते याचा, नकाशा तयार व्हावा, असे माझे मत आहे. तो कोणी करावा, आणि त्यासाठी किती वीज सोडायची आपली तयारी असावी, यावर आपले अनुभव आणि मते हवी आहेत.

वायुवेग

मी पवनऊर्जा क्षेत्रात स्थळनिवडीचे काम करतो, त्यामुळे तांत्रिक बाजू मांडतो.

वनकुसवडे भागातली सुरुवातीची अनेक यंत्रे ३५० किलोवॅटच्या आसपासची आहेत. आजचे जमिनीवरचे एक यंत्र ३ मेगावॅटच्या पुढे जाते. म्हणजे जुन्या नऊ यंत्रांची क्षमता एका यंत्रात येते. हे ऐकायला फार चांगले वाटते, पण पात्याच्या टोकापर्यंतची उंची २०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक होते. संख्या घटल्याने डोंगराचा माथा मोकळा होतो. उंची वाढल्याने उरलेली यंत्रे कितीतरी दुरून दिसू लागतात. या दोन गोष्टी एकमेकींना किती भरून काढतात, ते प्रत्येक गडावरून वेगळे मोजावे लागेल.

खरी अडचण दुसरी आहे. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्क्यांनी वाढला की ऊर्जा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. पश्चिमेचा वारा कड्यावरून वर चढताना दाबला जातो आणि त्याचा वेग माथ्याच्या काठाजवळ वाढतो. त्यामुळे विजेसाठी सर्वांत मोलाची जागा कड्याच्या काठावर असते आणि दुरून सर्वांत ठळक दिसणारी जागाही तीच. यंत्रे थोडी आत घ्या, असे सांगणे सोपे आहे. त्या थोड्या अंतरात उत्पादनाचा मोठा हिस्सा जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात पवनऊर्जेचे बहुतांश उत्पादन जून ते सप्टेंबर या काळात होते. आकाश ढगाळलेले असते आणि सौरऊर्जा मंदावते, नेमक्या त्याच दिवसांत वारा भरून येतो. त्यामुळे वाऱ्याऐवजी सगळीकडे सौर पट्ट्या लावू, हे उत्तर पुरेसे नाही.

हेमाडपंथी

पश्चिमवारा, विषय अत्यंत योग्य वेळी मांडलात. आपला कायदा यात किती तोकडा आहे, ते सांगतो.

प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. ही सगळी मिळून ३०० मीटरची मर्यादा घरे, दुकाने आणि इमारती डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. २०० मीटर उंचीची वस्तू १० किलोमीटरवर उभी असेल, तर क्षितिजावर तिची उंची एक अंशाहून थोडी जास्त, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या दुपटीहून अधिक दिसते. त्यात ती वस्तू फिरणारी असते आणि डोळा हालचालीकडे आपोआप वळतो. रात्री तिच्यावर लाल दिवा लुकलुकत असतो. आपला कायदा अंतर मोजतो. दिसणे मोजण्याची त्यात सोय नाही.

शिवाय २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते, त्यांच्या यादीत पवनऊर्जा नाही. वनजमीन लागणार असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते, पण खासगी किंवा गायरान जमिनीवर प्रकल्प होणार असेल तर वारशावर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास करण्याची वेळच येत नाही. जागतिक वारसा स्थळांसाठी युनेस्कोने २०२२ मध्ये आघात मूल्यांकनाची सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. तिच्यातली पद्धत यादीबाहेरच्या गडांना वापरायला कोणी अडवलेले नाही.

पठारावरचा_नाना

मी पाटण तालुक्यातल्या पठारावरचा. आमच्या घरामागे पंखे आहेत. येथे सगळे जण गडावरून पंखे कसे दिसतात ते बोलत आहेत, म्हणून पंख्यांखालून काय दिसते ते लिहितो.

पंखे आले तेव्हा पहिल्यांदा रस्ता आला. त्याआधी आजारी माणसाला डोलीत घालून खाली न्यावे लागे, बाळंतिणीचेही तेच. जमिनी मात्र फार स्वस्तात गेल्या. कित्येकांना सातबारा वाचता येत नव्हता, खातेफोड झालेली नव्हती, आणि एकाच्या सहीवर चार भावांची जमीन गेली असेही प्रकार झाले. व्यवहार करणारे मध्यस्थ नंतर कधी दिसले नाहीत. आज गावातली काही मुले सुरक्षारक्षक आहेत, काही दुरुस्तीच्या कामावर आहेत. ग्रामपंचायतीला कर मिळतो, पण त्यासाठीही भांडावे लागले. पंख्यांच्या मधून गुरे चरतात, त्याला आडकाठी नाही.

वारशाबद्दल म्हणाल, तर आमच्याकडे गावाच्या वेशीवर एक वीरगळ होता. मोठी पाती घेऊन येणाऱ्या गाड्यांसाठी वळण रुंद केले, तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी तो ढकलून भरावात घातला. गावातल्या म्हाताऱ्यांनी आरडाओरडा केला तोवर वर मुरूम पडला होता. तो कोणत्याही यादीत नव्हता, त्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हेही कळले नाही. तेव्हा मनोऱ्याची उंची मोजण्याआधी रस्त्याची रुंदी मोजा, अशी माझी विनंती आहे.

आणि एक भीती आहे. पहिल्यांदा कंपनी आम्हाला न विचारता आली. आता वारशाचा नकाशा करणारेही आम्हाला न विचारताच येतील.

सडासखी

नानांनी रस्त्याचा जो मुद्दा मांडला आहे, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मनोऱ्याचा पाया वीसेक मीटरच्या वर्तुळात मावतो. त्या पायापर्यंत क्रेन आणि लांबलचक पाती नेण्यासाठी मात्र कित्येक किलोमीटर डोंगर कापावा लागतो, वळणे रुंद करावी लागतात आणि उतारावर भराव घालावा लागतो. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो. पावसाचे पाणी त्या थरातून हळूहळू सरकत डबकी आणि झरे भरत जाते. मध्ये रस्त्याचा बांध आला की पाण्याची वाट बदलते, एक बाजू तुंबते आणि दुसरी कोरडी पडते. गडावरची जुनी टाकी आणि खालच्या वाड्यांचे झरे अशाच पाण्यावर जगत आले आहेत.

भीमाशंकर परिसरातल्या पवनऊर्जा प्रकल्पावर माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ च्या अहवालात जी टीका केली, तिचा मोठा भाग डोंगरात कापलेल्या रस्त्यांवर आणि डावलल्या गेलेल्या वनहक्कांवर होता.

चाळकेवाडीच्या पठाराविषयी भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्रे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले आणि त्यामुळे सरड्यांची संख्या वाढलेली होती. ज्या देखण्या, गळ्याखाली निळा पंखा उघडणाऱ्या सरड्याचा हा अभ्यास होता, त्याचे स्वतंत्र जाती म्हणून वर्णन होऊन तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही स्थळे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहेत. त्यामुळे या टापूत निसर्गाचा नकाशा वेगळा आणि इतिहासाचा वेगळा करू नये. घार, गड आणि झरा यांचा डोंगर एकच आहे.

पुणेकर_ग्राहक

मला येथे थोडा वेगळा सूर लावावासा वाटतो.

आपण गडांचे रक्षण कशापासून करू पाहतो आहोत? २०२० च्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटाचा काही भाग ढासळला. पन्हाळ्यावर अतिवृष्टीत रस्ता आणि तट यांची हानी झाली. थोड्या वेळात कोसळणारा प्रचंड पाऊस हा चुन्यात बांधलेल्या जुन्या तटांचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि हवामान जसजसे तापेल तसतसा तो वाढेल. दूरवरच्या पवनचक्कीने गडाचा एकही चिरा हलत नाही. ज्या दिवशी ती नको होईल, त्या दिवशी ती उतरवता येते. खाणीने कापलेला डोंगर किंवा माथ्यावर बांधलेले रिसॉर्ट असे उतरवता येत नाही. गडांच्या पायथ्याशी उगवलेले बंगले आणि भूखंडांच्या जाहिराती यांच्याकडे दुर्लक्ष करून आपण पवनचक्क्यांवर रोख धरतो आहोत, हे मला न्याय्य वाटत नाही.

हेमाडपंथी

पुणेकर, यंत्र उतरवता येते हे मान्य. पण नानांचा वीरगळ भरावातून वर येणार नाही, आणि जमिनीत राहिलेला काँक्रीटचा पाया सहसा कोणी काढत नाही. रीपॉवरिंगच्या करारात जुने पाये आणि वापरात नसलेले रस्ते काढून जमीन पूर्ववत करण्याची अट असावी, हे मी आपल्या मुद्द्यातूनच घेतो.

राइनकाठी

मी जर्मनीत, कोब्लेन्झजवळ राहते. बिंगेन ते कोब्लेन्झ या सुमारे ६५ किलोमीटरच्या राइन खोऱ्याचा २००२ मध्ये जागतिक वारशात समावेश झाला. दोन्ही काठांवर जुने किल्ले, द्राक्षांचे मळे आणि लोरेलायचा प्रसिद्ध कडा आहे. वरच्या पठारावर वारा चांगला असल्याने तेथे पवनचक्क्यांची मागणी आली. राज्य सरकारने दृष्टिरेषांचा अभ्यास करून घेतला आणि वारसा क्षेत्राचा गाभा व त्याभोवतीचा पट्टा यांत नवी यंत्रे येणार नाहीत असे नियोजनातच ठरवले. त्यामुळे प्रत्येक यंत्रासाठी नवे भांडण होत नाही. कंपनीला कोठे अर्ज करू नये हे आधीच माहीत असते आणि याच राज्यात इतरत्र मोठ्या संख्येने यंत्रे उभी आहेत.

मार्टिन ल्यूथरने जेथे बायबलच्या नव्या कराराचे भाषांतर केले, त्या वार्टबुर्ग किल्ल्यासमोरच्या टेकडीवर दोन यंत्रे नियोजित होती. प्रकरण न्यायालयात गेले आणि शेवटी २०१३ मध्ये ती तेथे न उभारण्याची तडजोड झाली. तेथे वाद यंत्रे किती जवळ आहेत यावर नव्हता. किल्ल्याच्या प्रसिद्ध दृश्यात ती कोठे येतात यावर होता.

पण नानांसाठी ड्रेस्डेनचे उदाहरण देणे मला भाग आहे. तेथे एल्ब नदीवरच्या नव्या पुलामुळे २००९ मध्ये शहराचे जागतिक वारसा स्थान काढून घेतले गेले. त्या पुलाच्या बाजूने शहरातल्या लोकांनी २००५ मध्ये मतदानाने कौल दिला होता. बाहेरच्या जगाचे म्हणणे आणि तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे वेगळे निघू शकते, आणि तेव्हा कोणाचे ऐकायचे याचे सोपे उत्तर युरोपातही सापडलेले नाही.

पठारावरचा_नाना

ताई, मतदान झाले हेच मला पुष्कळ वाटते. आमच्याकडे ग्रामसभेचा ठराव आधी टंकलिखित होऊन येतो आणि सह्या नंतर होतात.

थरवासी

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जैसलमेरला आहे. शहराबाहेर बडा बाग येथे जैसलमेरच्या राजघराण्याच्या छत्र्या आहेत. पिवळ्या दगडाच्या त्या कोरीव छत्र्यांच्या थेट मागे पवनचक्क्यांची रांग उभी आहे आणि येथे येणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या छायाचित्रात ती येते. जैसलमेरचा पवनऊर्जा प्रकल्प हजार मेगावॅटहून मोठा आहे, देशाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मी नाकारत नाही. पण छत्र्यांची ती बाजू मोकळी ठेवली असती तर एकूण उत्पादनात फारसा फरक पडला नसता, असे मला तेथे दर वेळी वाटते.

येथे आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. या भागात ओरण म्हणून देवाच्या नावाने राखलेली गवताळ राने आहेत, आपल्या देवरायांसारखी. महसुली नोंदीत त्यातली कित्येक पडीक म्हणून लागलेली आहेत, म्हणून ती सौर आणि पवन प्रकल्पांना सहज मिळाली. गावकऱ्यांनी पायी यात्रा काढल्या, न्यायालयात गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा राखीव देवरानांची मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले. तेव्हा नकाशा करायचाच असेल तर महसुली नोंदीपासून सुरुवात करा.

सडासखी

थरवासी, हेच कोकणातल्या सड्यांचेही आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि कुडोपी येथील कातळशिल्पे गोव्यातल्या फणसामळच्या शिल्पांसह २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. ज्या जमिनीवर हे आहे ती कागदावर कातळ किंवा पोटखराबा असते. शिल्प उभे नाही, आडवे आहे. त्यामुळे दुरून काही दिसत नाही आणि जेसीबी चालवणाऱ्याला जवळूनही कळत नाही. तेथे दृष्टिरेषांचा नकाशा निरुपयोगी आहे. तेथे पायी चालूनच पाहणी करावी लागते.

खानदेशकर

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेल परिसरात ५०० मेगावॅटहून मोठा पवन प्रकल्प आहे. त्याच तालुक्यात बळसाणे येथे मध्ययुगीन मंदिरांचा सुंदर समूह आहे. आमच्याकडे वादाचा गाभा मात्र आदिवासींच्या जमिनी आणि वनहक्क हाच राहिला आहे. वारशाच्या चर्चेत हा प्रश्न मागे पडू नये, एवढेच सांगतो.

डॉर्सेटवासी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचा अनुभव थोडक्यात. ज्युरासिक कोस्ट या जागतिक वारसा किनाऱ्यासमोर समुद्रात १२१ यंत्रांपर्यंतचा, ९७० मेगावॅटचा प्रकल्प मांडला गेला होता. वारसा किनाऱ्यावर होणारा दृश्य परिणाम हे एक मुख्य कारण देऊन सरकारने तो सप्टेंबर २०१५ मध्ये नाकारला. कंपनीने यंत्रे कमी करून दिलेला पर्यायही मान्य झाला नाही. त्याच किनाऱ्यावर पूर्वेला ससेक्ससमोर ११६ यंत्रांच्या ४०० मेगावॅटच्या प्रकल्पाला मात्र त्याआधीच्या वर्षी मंजुरी मिळाली होती आणि तो २०१८ पासून पूर्ण क्षमतेने चालू आहे. देशाने वारा सोडला नाही, जागा निवडली.

वायुवेग

जागा निवडण्याच्या मुद्द्यावर आपल्यासाठी दिलासा देणारी माहिती आहे. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १२० मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता सुमारे ९८ गिगावॅट आहे. १५० मीटर उंचीवर तीच सुमारे १७४ गिगावॅट होते. मनोरे बुटके होते तेव्हा घाटमाथ्याशिवाय गत्यंतर नव्हते. उंच मनोरे आणि लांब पाती आल्यापासून धाराशिव, बीड, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या सपाट माळरानांवरही वारा परवडू लागला आहे आणि नवे प्रकल्प तिकडे जात आहेत. राज्यातली सध्याची उभारणी ५ गिगावॅटच्या थोडी वर आहे. क्षमतेशी तुलना केली तर निवडीला भरपूर वाव आहे.

तेरणाकाठ

वायुवेग, धाराशिवचा उल्लेख वाचून लिहावेसे वाटले. घाटमाथ्यावरचा वारसा वाचवायचा आणि त्यासाठी यंत्रे मराठवाड्यात न्यायची, तर आमच्याकडचा वारसा कोणी मोजला आहे का? तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमन जगाशी व्यापार करणारे ते नगर होते आणि त्याच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत आजही खापरे मिळतात. नळदुर्ग आणि परांडा हे किल्ले आहेत, धाराशिवची लेणी आहेत, लातूरकडे खरोसा आहे. सपाट मुलखात तर २०० मीटरचा मनोरा अडवायला मध्ये डोंगरही नसतो. जुन्या वस्तीचे पांढरे टेकाड कागदावर माळ म्हणूनच लागलेले असू शकते. सह्याद्रीला जो न्याय मागता आहात, तोच बालाघाटाला मिळावा.

हेमाडपंथी

तेरणाकाठ, आपले म्हणणे पूर्णपणे योग्य आहे. तेरच्या टेकाडात पाया खणला तर दृश्याचा प्रश्नच उरत नाही, पुरावाच संपतो. गडासाठी दृष्टिरेषा, सड्यासाठी पायी पाहणी आणि पांढरीच्या टेकाडासाठी खोदण्यापूर्वी पुरातत्त्वीय तपासणी, अशा वेगवेगळ्या कसोट्या लागतील.

पुणेकर_ग्राहक

एवढ्या कसोट्या लावल्या तर प्रकल्प दहा वर्षे रखडतील, आणि तोवर औष्णिक केंद्रे चालूच राहतील. कोराडी आणि चंद्रपूरच्या राखेत राहणाऱ्यांनाही या चर्चेत जागा हवी. सज्जनगडावरून क्षितिज मोकळे दिसावे ही इच्छा मलाही आहे, पण तिची किंमत दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसांनी चुकवू नये.

वायुवेग

विलंब टाळता येण्यासारखा आहे. प्रकल्पाआधी वारा मोजण्यासाठी मनोरा उभारतात आणि किमान एक वर्ष नोंदी घेतात. आमचे स्थळनकाशे, उंचीची माहिती आणि संगणकावरील प्रतिरूपे त्याच वर्षात तयार होतात. कोणत्या गडावरून कोणते यंत्र किती दिसेल हे त्याच माहितीवरून काढता येते. छायाचित्रावर यंत्रे बसवून दाखवण्याचा खर्च प्रकल्पाच्या खर्चापुढे नगण्य आहे. अडते कोठे? ते दाखवा असे सांगणारे कोणी नाही, म्हणून दाखवले जात नाही. यंत्रांच्या जागा एकदा पक्क्या झाल्या आणि जमिनीचे व्यवहार झाले, की मग एक यंत्र हलवणेही फार महाग पडते. प्रश्न पहिल्या वर्षात विचारला तर पुणेकरांना वाटते तितका वेळ जाणार नाही.

पश्चिमवारा

सर्वांचे मनापासून आभार. माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

दृष्टिरेषांचा नकाशा आधी व्हावा, हे मत माझे कायम आहे, मात्र तो एकटा पुरणार नाही हे सडासखी आणि तेरणाकाठ यांच्या लिहिण्यावरून स्पष्ट झाले. राइनकाठींनी सांगितल्याप्रमाणे कोठे यंत्रे नकोत हे राज्याने आधीच ठरवावे, म्हणजे उरलेल्या ठिकाणी ती लवकर उभी राहतील. पुणेकरांच्या आक्षेपाला माझ्याजवळ हेच उत्तर आहे. सातारच्या पठारांपुरते बोलायचे तर सज्जनगडाच्या माथ्यावरून आणि दातेगडाच्या माथ्यावरून दिसणारा कड्याचा काठ नव्या उंच यंत्रांपासून मोकळा ठेवावा, जुनेच रस्ते वापरावेत, एकही नवे वळण कापू नये आणि सोडून दिलेले पाये काढावेत, एवढी किमान अट मला वाजवी वाटते. काठावरचे उत्पादन जाईल, हे मान्य करूनच मी हे म्हणतो आहे. ते नुकसान कंपनीने एकटीने का सोसावे हा प्रश्न रास्त आहे. काठ सोडणाऱ्या प्रकल्पाला विजेचा थोडा चढा दर मिळावा आणि तो भार आपण सर्व ग्राहकांनी उचलावा, याला माझी तयारी आहे.

नाना, गावांनी स्वतःच्या हद्दीतल्या वीरगळांची, टाक्यांची, देवस्थानांची आणि जुन्या वाटांची यादी करून ती ग्रामसभेत ठरावासह नोंदवली, तर पुढच्या ठेकेदारासमोर ठेवायला कागद तरी असेल. आपल्या गावापासून सुरुवात करता येईल का? आम्ही काही जण मोजणीला आणि छायाचित्रांना यायला तयार आहोत.

पठारावरचा_नाना

या. पण यादी गावाच्या नावावर राहील आणि ठराव आमच्यासमोर लिहिला जाईल. वीरगळ जेथे गाडला गेला ती जागा दाखवणारे दोन म्हातारे अजून आहेत, त्यांना आधी भेटू.

सडासखी

मीही येईन. नाना, कधी आलेले बरे पडेल? पावसाळ्यात धुक्यामुळे गड दिसणार नाहीत आणि दिवाळीच्या सुमारास गवत कमरेएवढे असते.

पठारावरचा_नाना

गवत कापून झाल्यावर, माघात या. दगड उघडे पडतात आणि हवाही स्वच्छ असते. त्यानंतर वणवे सुरू होतात, तेव्हा फार उशीर करू नका.